शेलूबाजारची माती, पुण्याचं पाणी

काचेच्या टाकीत झाडं लावायची तर खत ठेवायचं कुठे? प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधता शोधता अकरा मासे गेले, दोन एकर वावर मध्ये आलं आणि एक फ्लॅट घ्यायचा राहिला.

"मॅडम, गोणीत काय आहे?"

"माती."

"कुंड्यांसाठी?"

"नाही. माशांसाठी."

ट्रॅव्हल्सच्या क्लीनरनं एकदा माझ्याकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं. रात्रीचे साडेनऊ, शेलूबाजारचा चौक, पुण्याला निघालेली स्लीपर बस आणि तिच्या डिकीपुढे दहा किलो काळी माती घेऊन उभी असलेली जीन्समधली मुलगी. त्याच्या जागी मी असते तर मीही तसंच पाहिलं असतं. बाबांनी त्याच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. "आडवी टाकजो भाऊ, फुटली नाही पायजे. लेकीच्या वावरातली हाय."

त्या वाक्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. माझं सगळं लक्ष बसमधला चार्जिंग पॉइंट चालू आहे का, याकडे होतं.

मी वाशीम जिल्ह्यातली. हे सांगितलं की पुण्यात दहातले आठ जण विचारतात, "वाशी? नवी मुंबई?" नाही हो. वाशीम. विदर्भातलं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा काढलेला जिल्हा. मी आणि माझा जिल्हा जवळपास एकाच वयाचे, आणि आमचं दोघांचंही सेटल व्हायचं अजून चाललंय. मास कॉम करायला पुण्यात आले, डिग्री घेतली, दोन वर्षं एका ऑफिसात काढली आणि मग फ्रीलान्स पत्रकार झाले. फ्रीलान्स म्हणजे काय ते आईला अजून नीट कळलेलं नाही. "म्हणजे नोकरी नाही ना?" एवढाच तिचा प्रश्न असतो. आणि टू बी फ्रँक, महिन्याच्या वीस तारखेनंतर माझाही तोच असतो.

टाकी माझ्याकडे आली ती फुकटात. रूममेटची एक मैत्रीण जर्मनीला निघाली होती. तिनं मिक्सर एकीला दिला, गादी दुसरीला आणि काचेची टाकी मला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, साधारण साठ लिटर पाणी मावेल एवढी. कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्ही नव्हताच, त्यामुळे टीव्हीची जागा रिकामी होती.

नुसते मासे पाळण्यात मला रस नव्हता. मला पाहिजे होतं ते ताकाशी अमानोनं केलं होतं तसं काहीतरी. अमानो म्हणजे जपानी फोटोग्राफर, १९५४ चा जन्म, २०१५ मध्ये गेला. त्यानं काचेच्या टाकीत अक्षरशः कुरणं, डोंगर, जंगलं उभी केली आणि त्याला नाव दिलं नेचर अ‍ॅक्वेरियम. त्याच्या टाक्यांचे फोटो पाहिले की ऑफिसच्या कम्प्युटरवरचा वॉलपेपर बदलावासा वाटतो. मला वाटलं, यात अवघड काय आहे? पाणी, लाइट, झाडं, मासे. आणि मी तर शेतकऱ्याची पोरगी!

डीएपीचा पराक्रम

दुकानातून चकचकीत पांढरी खडी आणली. अमेझॉन स्वॉर्ड, व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरीन अशी भारी नावांची झाडं आणली. अकरा निऑन टेट्रा आणले. पहिल्या आठवड्यात टाकी इतकी सुंदर दिसत होती, की मी घरी आलेल्या प्रत्येकाला तिच्यासमोर उभं करून फोटो काढले.

महिन्याभरात स्वॉर्डची पानं पिवळी पडली. मग पानांना भोकं पडली. व्हॅलिस्नेरिया लांब व्हायच्याऐवजी काचेसारखी पारदर्शक होऊन गळायला लागली. निदान करायला मला डॉक्टरची गरज नव्हती. झाडं उपाशी होती. पांढऱ्या खडीत खाण्यासारखं काहीच नसतं. ती दिसायला छान असते, बस्स.

उपाशी झाडाला काय द्यायचं, हे आमच्याकडे पहिलीतलं पोरही सांगेल. बाल्कनीतल्या गुलाबासाठी मी घरून जॅमच्या बाटलीत थोडं डीएपी आणलं होतं. तेच, ज्याच्या पोत्यावर १८:४६ असं छापलेलं असतं. म्हणजे १८ टक्के नायट्रोजन आणि ४६ टक्के फॉस्फेट. चहाचा एक चमचा भरून पाण्यात सोडला आणि झोपले.

सकाळी सात मासे तरंगत होते. दुपारपर्यंत उरलेले चार.

डीएपीतलं नायट्रोजन अमोनियमच्या रूपात असतं, आणि पाणी जरा अल्कधर्मी असलं की त्याचा काही भाग अमोनिया बनतो. माशांसाठी ते विष. साठ लिटरला चमचाभर म्हणजे लिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅम नायट्रोजन. हा हिशोब मी नंतर केला, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. फॉस्फेट शिल्लक राहिलं ते शेवाळानं खाल्लं. आठवड्यात पाणी वाटाण्याच्या सुपासारखं झालं. रूममेटनं टाकीवर ओढणी टाकून ठेवली.

त्या रात्री बाबांना फोन केला. माशांचं सांगताना मला रडू आलं. अकरा माशांसाठी रडणारी लेक म्हणजे बाबांना नवीनच होतं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खत कुठी टाकलं वं?"

"पाण्यात."

"वरून?"

"हो."

"अवं, आपुन डीएपी कधी वरून फेकतो का?"

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी लहानपणापासून दरवर्षी जूनमध्ये डोळ्यांनी बघत आले होते. दोन चाड्यांची तिफण असते. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. दोन्ही एकाच वेळी जमिनीत जातात, पण एका जागी पडत नाहीत. खत थोडं खाली जातं, बी वर राहतं. "खत बियाले लागलं तं बी जळते. वर उघडं राह्यलं तं पाण्यानं वाहून जाते, नाही तं तण खाते. खाली ठेवाचं आन् वरून माती झाकाची. मूळ खाली गेलं का त्याले भेटतेच."

मी कितीतरी वर्षं पेरणीच्या वेळी बांधावर बसून भेळ खाल्ली आहे. ही गोष्ट कधी कानात शिरली नव्हती.

खाली जेवण, वर झाकण

दुसऱ्या दिवसापासून मी डेडलाइन्स बाजूला ठेवून वाचायला बसले. आणि जे वाचलं ते सगळं बाबांच्या तिफणीवर येऊन थांबत होतं.

अमानोच्या टाकीतसुद्धा तळ एका थराचा नसतो. सगळ्यात खाली जाडसर, सच्छिद्र, पोषण असलेला थर. त्याच्यावर मातीपासून बनवलेल्या दाण्यांचा थर. झाडं वरच्या थरात रोवायची, मुळं आपोआप खाली उतरतात. डायना वॉलस्टॅड नावाच्या अमेरिकन बाईंनी तर १९९९ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. त्यांचा मार्ग आणखी साधा आणि स्वस्त. खाली एक इंच साधी माती, वर एक इंच खडी. बस्स.

फंडा असा आहे. टाकीत दोन खाणारे असतात, झाडं आणि शेवाळ. शेवाळाला मुळं नसतात, ते पाण्यातूनच खातं. क्रिप्टोकोरीन आणि स्वॉर्डसारखी झाडं मात्र मुळांनी दणकून खातात. खत पाण्यात टाकलं तर शेवाळाचं लग्नाचं जेवण होतं. तेच खत तळाशी, झाकणाखाली ठेवलं तर तिथे पोचणं फक्त मुळांना जमतं.

मातीच का, नुसत्या खताच्या गोळ्या का नाहीत? कारण चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, हे सगळे धन भाराचे. माती त्यांना धरून ठेवते आणि मुळांनी मागितलं की सोडते. शिवाय मातीवर पाणी साचलं की थोडं खाली प्राणवायू संपतो. अशा जागी मातीतलं गंजासारखं घट्ट झालेलं लोह विरघळायला लागतं आणि झाडांना मिळतं. पण हाच खेळ जास्त झाला तर उलटतो. थर फार जाड असेल तर तळाशी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास, काळी पडलेली मुळं. म्हणून माती एक इंच. हौस कितीही असली तरी एक इंच.

जपानी दाण्यांच्या पिशवीची किंमत पाहिली आणि ती माझ्या दोन लेखांच्या मानधनापेक्षा जास्त निघाली. मग डोक्यात आलं, की जगात मातीची कमतरता असलेले लोक असतील, पण आपण त्यातले नाही. आमचं अख्खं वऱ्हाड काळ्या मातीवर बसलंय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा काळा खडक झाला, तो झिजून ही माती झाली. चिकण, ओलावा आणि अन्न धरून ठेवणारी. मे महिन्यात मी घरी निघाले ते माती आणायला. असं मी सगळ्यांना सांगितलं तरी.

दोन एकरांचा हिशोब

खरं कारण दुसरं होतं. बाबांनी बोलावलं होतं.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूरपासून शिर्डीपर्यंत सुरू झाला आणि शेलूबाजारजवळ इंटरचेंज आलं. तेव्हापासून आमच्याकडे जमिनीच्या गप्पा एकरावरून स्क्वेअर फुटावर आल्या. आमच्या वावराचा वरचा दोन एकरांचा तुकडा एका पार्टीला हवा होता. आजोबांच्या काळापासून तो तुकडा म्हणजे मुरमाड, उताराचा, पाऊस दोन दिवस लांबला की सुकणारा. काकांनी सरळ हिशोब मांडला. "हलकी जमीन जाऊन राहिली, भाव भारी भेटून राहिला. पोरीचं पुण्यात घर होईल. थे काय इथं येऊन निंदण करणार हाय का?"

काकांचं म्हणणं मला तेव्हा शंभर टक्के पटलं होतं, हे प्रामाणिकपणे लिहिते. माझ्या लॅपटॉपवर त्या आठवड्यात तीन गोष्टी उघड्या होत्या. एक अर्धवट लेख, एक माशांची फाइल आणि वन बीएचकेच्या ईएमआयचं एक्सेल शीट. डाउन पेमेंटच्या रकान्यात मी दोन एकरांचा आकडा घालूनही पाहिला होता. शीट एकदम खूश दिसत होतं.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, "टाकीसाठी माती पाहिजे. खालच्या भारी जमिनीतली देता?"

"नाही. वरच्या तुकड्यातली घे."

"मुरूम घेऊन काय करू?"

त्यांनी कुदळ उचलली आणि चालायला लागले. मी मागे.

वरच्या तुकड्यात त्यांनी गुडघाभर खड्डा खणला आणि मला वाकून बघायला लावलं. केकचा काप बघावा तसं दिसत होतं. वर काळा थर, एक वीतभर. खाली तपकिरी मुरूम. मध्ये स्पष्ट रेघ.

२०१७ मध्ये राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. तलावातला गाळ शेतकऱ्यांनी न्यायचा, वाहतूक आपली आपण करायची. तलावही खोल होतो आणि शेतही सुधारतं. बाबांनी तीन उन्हाळे गावच्या पाझर तलावातला गाळ या तुकड्यावर आणून टाकला होता. मी त्या तिन्ही उन्हाळ्यांत पुण्यात होते. फोनवर "काय चाललंय?" विचारलं की ते म्हणायचे, "काही नाही, थोडा गाळ टाकून राह्यलो." मला वाटायचं, थोडाच असेल.

तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर हिशोब केला. माझ्या टाकीचा तळ म्हणजे साठ सेंटिमीटर बाय तीस. एक इंच थराला साडेचार लिटर माती लागते. आईची मधली घागरही भरणार नाही. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. त्यावर एक इंच गाळ टाकायचा तर शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. ब्रासमध्ये पस्तीस. आणि इथे इंच नव्हता, वीतभर होता. आणि एकर दोन होते.

"बाबा, किती ट्रॉल्या झाल्या?"

"मोजल्या नाही. मोजल्या असत्या तं टाकल्या नसत्या."

मग त्यांनी खड्डा बुजवला. आधी मुरूम खाली, मग काळी माती वर. दोन्ही ढीग त्यांनी खणतानाच वेगळे ठेवले होते. दोन थर एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हे मला पुस्तकातून समजायला दोन महिने लागले होते.

लिंबू, चाळणी आणि शेणखत

माती थेट टाकीत घातली असती तर माझा दुसरा पराक्रम झाला असता. पुढचे दहा दिवस आमच्या अंगणात जे चाललं ते बघायला शेजारच्या काकू रोज येऊन बसायच्या.

पहिली गोष्ट चुनखडीची. काळ्या मातीत चुन्याचे बारीक खडे असतात, त्यांनी पाणी जड आणि अल्कधर्मी होतं. तपासायला सोपं आहे. चमचाभर सुक्या मातीवर लिंबू पिळायचं. फसफसलं तर चुना आहे. आमची माती थोडी फसफसली. मग ती चाळायला आईची रव्याची चाळणी घेतली. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट ओलं-सुकं करण्याची. माती घमेल्यात भिजवायची, वर तरंगणारा पालापाचोळा, मुळ्या काढून टाकायच्या, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि उन्हात कडकडीत वाळवायची. पुन्हा भिजवायची. असं तीन-चार वेळा. यात मातीतला कच्चा कचरा कुजून जातो आणि पुढे टाकीत सुटणारा अमोनिया बराच कमी होतो. पुण्यात याला बाल्कनीत दोन-तीन आठवडे लागले असते. आमच्याकडच्या मे महिन्यात दीड दिवसाला एक फेरी झाली. विदर्भातल्या उन्हाचा एवढा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

तिसरी गोष्ट म्हणजे भांडण. बाबांना त्यात शेणखत घालायचं होतं.

"बिना शेणखताची माती म्हणजे बिना फोडणीचं वरण."

"बाबा, पाण्याखाली शेणखत कुजलं की अमोनिया होतो. पुन्हा मासे मरतील."

"दोन वर्षं कुजलेलं हाय थे."

"तरी नको."

त्यांनी मान हलवली. शेतीतल्या एखाद्या गोष्टीत मी त्यांना 'नको' म्हणायची ही पहिलीच वेळ. त्यांना ते आवडलं की नाही, कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नाल्यातली जाड वाळू धुऊन आणून ठेवली. "हे मिसळ. आपली माती पाणी पिऊन फुगते. निरी टाकली तं घट्ट बसन, मुळाले जाऊ देणार नाही." पुस्तकात हे नव्हतं. अमेरिकेतल्या बाईंना काळ्या मातीच्या भेगा कुठे माहीत असणार? तीन भाग माती, एक भाग वाळू असं आमचं ठरलं. गोणी भरली, तोंड सुतळीनं शिवलं आणि रात्री आम्ही चौकात बस धरायला आलो.

दोन एकरांचं काय, ते त्या दहा दिवसांत कोणीच बोललं नाही.

व्हिडिओ कॉलवरची पेरणी

जूनच्या पहिल्या रविवारी टाकी लावली. गावाकडे बाबा पावसाची वाट बघत होते, हाताला काम नव्हतं, म्हणून ते व्हिडिओ कॉलवर बसले. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

तुम्हाला करायचं असेल तर क्रम असा. रिकामी टाकी सपाट जागी ठेवायची, भरल्यावर ती हलत नाही. साठ लिटरची टाकी काच, पाणी, वाळू धरून सहज ऐंशी किलोच्या वर जाते. तळाला मिसळलेल्या मातीचा एक इंच थर द्यायचा, काचेच्या कडेनं बोटभर जागा सोडून. म्हणजे वाळू टाकली की माती बाहेरून दिसत नाही. मी तीन बाजू सोडल्या आणि उजवी बाजू तशीच ठेवली. बाबांना थर दिसायला हवा होता. माती ओलसर करून हलकेच दाबायची, त्यात अडकलेली हवा निघून जाते. मग धुतलेली जाड वाळू, दोन-तीन मिलिमीटरची. पुढे एक इंच, मागे दोन इंच. फार बारीक वाळू घट्ट बसते, फार मोठी खडी घेतली तर फटींतून माती वर येते.

मग वाळू भिजेल एवढंच पाणी घालून झाडं लावायची. चिमट्यानं, मूळ खाली, खोड वर. अनुबियास आणि जावा फर्न मात्र रोवायचे नाहीत, ते दगडाला नाहीतर लाकडाला बांधायचे. पुरले तर त्यांचं खोड सडतं. शेवटी वाळूवर एक ताटली ठेवायची आणि पाणी तिच्यावर, बारीक धारेनं. तासभर लागतो. माझं पाऊण तासानंतर मन उडालं आणि मी मग उलटा करणार होते.

"हळू वं," साखरेच्या डब्याकडून आवाज आला. "माती हाय थे. घाई नाही चालत तिले."

पहिले दोन आठवडे पाणी जरा गढूळ होतं. दर दोन-तीन दिवसांनी निम्मं पाणी बदलत होते, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढून. लाइट फक्त सहा तास. अमोनियाची टेस्ट रोज. मासे? एकही नाही. टेस्टमध्ये अमोनिया शून्य यायला पाच आठवडे लागले. घरी येणारे विचारायचे, "मासे कुठे आहेत?" मी सांगायची, "अजून पेरणी झाली नाही, आत्ता फक्त नांगरट आहे."

आणि तिसऱ्या आठवड्यात क्रिप्टोकोरीननं मान टाकली. एकूण एक पानं विरघळली. अक्षरशः जेलीसारखी. मी चिमटा घेऊन उपटायलाच निघाले होते, आधी सवयीनं बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन.

"उपटू नको."

"मेलंय ते, बाबा."

"पानं गेले. मूळ हाय ना खाली? उपटशीन तं खालची माती वर येईन. राहू दे."

नंतर वाचलं, क्रिप्टोकोरीनचं हे नेहमीचंच आहे. जागा बदलली, पाणी बदललं की ते पानं टाकून देतं, पण मुळं जिवंत असतात. सतराव्या दिवशी त्याच जागेवर सुईएवढं तांबूस पान आलं. मग दुसरं. आता तिथे तळहाताएवढा झुपका आहे. होस्टेलच्या पहिल्या वर्षी मी किती वजन घालवलं होतं ते आईला विचारा. मला त्या झाडाबद्दल जरा जास्तच माया आहे.

पार्टीचा फोन

ऑगस्टमध्ये बाबांचा फोन आला. पार्टी पुन्हा विचारत होती. काका मागे लागले होते. "तुयं काय म्हणणं हाय? तुया घराचा विषय हाय."

मी टाकीसमोर बसले होते. उजव्या काचेतून काळा थर दिसत होता आणि त्यात पांढरी मुळं उतरली होती, अगदी तळापर्यंत. एक्सेल शीट मी बरेच दिवस उघडलं नव्हतं.

"बाबा, विकलं तर त्या गाळाचं काय?"

"गाळाचं काय? थो तं जमिनीसंगच जाते."

"त्याचे पैसे धरलेत भावात?"

ते हसले. "गाळाचे कोण देते?"

"मग यंदा नका विकू."

फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग ते म्हणाले, "आन् फ्लॅट?"

"राहीन भाड्यानं. राहतेच आहे."

"काकाले मी सांगू का तू सांगतं?"

काकांना मी सांगितलं. ते चिडले नाहीत, पण एवढंच म्हणाले, "बरं. पण तुया बापामागं करणार कोण, थे सांग." मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही. मी पुणं सोडून शेलूबाजारला जाऊन शेती करणार आहे, असं लिहिलं तर या लेखाचा शेवट छान होईल, पण ते खोटं असेल. मला तिफण धरता येत नाही. मला फक्त एवढं कळलंय, की त्या तुकड्यात एक वीतभर माती आहे जी तिथे नव्हती, ती कोणी आणली हे मला माहीत आहे, आणि इतकी वर्षं मला ते माहीत नव्हतं. निदान ते नीट माहीत होण्याआधी तरी तो आकडा रकान्यात बसवायचा नाही.

बसच्या डिकीपुढचं ते वाक्य मला त्या रात्री आठवलं. लेकीच्या वावरातली. तेव्हा तर सौद्याची बोलणी अर्धी झाली होती.

टाकीत आता अकरा निऑन टेट्रा आहेत. आकडा मुद्दाम तोच ठेवला. पाणी इतकं स्वच्छ आहे, की रूममेटनं ओढणी परत नेली. खत पाण्यात एक कणही घालत नाही. स्वॉर्डची पानं इतकी माजली आहेत, की दर महिन्याला दोन कापावी लागतात.

बाबा आठवड्यातून एकदा विचारतात, "काय म्हणते तळं?" मी फोटो पाठवते. ते झाडं बघत नाहीत, मासेही बघत नाहीत. फोटो मोठा करून उजव्या बाजूचा थर बघतात, मिसळला तर नाही ना म्हणून.

परवाच्या फोनवर म्हणाले, यंदा उन्हाळ्यात तलावात पुन्हा गाळ निघणार आहे, खालच्या कोपऱ्यात थोडा कमी पडलाय. मी विचारलं, किती ट्रॉल्या? ते म्हणाले, "तू ये. तूच मोज."

आणि फोन ठेवता ठेवता आठवण केली, "ते गोणी धुऊन आणजो. चांगली होती."